महाग हत्यारं घ्यावीत का? छाटणीची कात्री, कोयता, करवत आणि बाकी सगळं

कातळावरचा

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची 160 कलमं आहेत, निम्मी आजोबांच्या वेळची, बाकीची बाबांनी लावलेली. आंबा उतरला की दरवर्षी दोन कामं ठरलेली: सुकलेल्या आणि आत गर्दी केलेल्या फांद्या काढायच्या, आणि बांडगूळ काढायचं.

गेल्या वर्षी मी बाजारातून साडेतीनशे रुपयांची छाटणीची कात्री आणली. तिसऱ्या दिवशी स्प्रिंग उडून गवतात गेली ती गेलीच. पण माझं दुःख स्प्रिंगचं नाही. गणपतीत बागेत फिरलो तेव्हा मी कात्रीने घेतलेले काप पाहिले. बऱ्याच ठिकाणी फांदी चेचलेली, साल सुटलेली आणि कापापासून दोन-तीन इंच मागे वाळत आलेली. बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली होती, तरीही. त्याच रांगेत बाबांनी कोयत्याने घेतलेले काप मात्र तळहातासारखे गुळगुळीत होते आणि कडेची साल गोल वळून जखमेवर यायला लागली होती.

यंदा स्विस कात्री घ्यायचं मनात आहे, फेल्को 2. किंमत माझ्या जुन्या कात्रीच्या दहापटीच्या वर आहे. सोबत एक जपानी करवतही बघून ठेवलीय. बाबा म्हणतात, "एवढ्यात लोहाराकडचे किती कोयते होतील मोज, आणि ते तुझी पोरं वापरतील." त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही, म्हणून तर विचारतोय. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी मनापासून लिहा.

आगरातली

दादा, आधी एक सांगा, छाटणी तुम्ही स्वतः करता की गडी लावता? आमच्याकडे श्रीवर्धनला सुपारीच्या आगरात येणारा गडी स्वतःचा कोयता घेऊन येतो. त्याच्या हाताला दुसऱ्याचं हत्यार बसत नाही आणि बसावं अशी अपेक्षाही धरू नये. महागाची वस्तू आणून दुसऱ्याच्या हातात देणार असाल तर ती वर्षभरात गवतात हरवणार, हे धरून चाला. स्वतः वापरणार असाल तर पुढे बोलू.

कातळावरचा

मी आणि बाबा, दोघंच ताई. मोठ्या फांद्यांना फक्त एक दिवस माणूस लावतो.

पटाशी

मी सुतार. आमचं काम कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात, आणि घरची थोडी काजू-आंब्याची बाग आहे. त्यामुळे दोन्हीकडचं लिहितो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, चेचलेल्या कापाला फक्त कात्रीची किंमत जबाबदार नाही. तुमची कात्री कुठल्या जातीची होती ते बघा. एका जातीत धारेचं पातं खालच्या सपाट पट्टीवर येऊन आदळतं, आपण पाटावर भाजी चिरतो तसं. ती सुक्या फांदीला चालते, ओल्या फांदीला चेचते. दुसऱ्या जातीत पातं समोरच्या वाकड्या, बिनधारेच्या आकड्याच्या बाजूने सरकून पुढे जातं, आपल्या घरच्या कात्रीसारखं. जिवंत फांदीला हीच पाहिजे. फेल्को 2 याच जातीची आहे. पण या जातीचीही एक बाजू फांदी कापते आणि दुसरी, म्हणजे आकड्याची बाजू, फांदीला दाबून धरते. दाबलेला भाग थोडा तरी चेंगरतोच. म्हणून कात्री धरताना पातं झाडाच्या बाजूला आणि आकडा पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला ठेवायचा. उलटी धरली तर चेंगरलेला भाग झाडावर राहतो आणि तिथूनच फांदी मागे वाळत येते. दहातले निम्मे लोक कात्री उलटी धरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरं, मधला नट. तो सैल झाला की पातं आणि आकडा यांच्यात फट पडते, साल त्यात अडकते आणि कापण्याऐवजी ओढली जाते. स्वस्त कात्रीत हा नट आठवड्यात सैल होतो आणि तो पकडून ठेवायची काही सोयच नसते. फेल्कोत त्या नटाला दातेरी चकती आणि तिला अडवणारा छोटा स्क्रू असतो, लावलेला ताण तसाच राहतो. पैसे आहेत ते या जागी. मुठीच्या लाल रंगात नाहीत.

तिसरं, 25 मिलिमीटर. त्या कात्रीची मर्यादा तेवढीच आहे. अंगठ्यापेक्षा जाड फांदी दिसली की कात्री खिशात आणि करवत हातात. मनगट पिळून, हलवून हलवून कापायला गेलात तर स्विस कात्रीही चेचणारच.

आता पोलादाचं. साधं मऊ लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडवा, त्याला पाणी चढत नाही, म्हणजे ते कडक होत नाही, कारण त्यात कार्बन साधारण पाव टक्क्याच्या आत असतो. ट्रकच्या कमानपाट्यात तो अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, म्हणून आपले लोहार कोयत्याला पाटा मागतात. लाल तापवून बुडवला की तो काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. मग त्याला पुन्हा हलका ताव द्यायचा असतो. घासून पांढरी केलेली कड आधी फिकट पिवळी होते, मग तपकिरी, जांभळी आणि शेवटी निळी. पिवळा रंग साधारण सव्वादोनशे अंशांना येतो, निळा तीनशेच्या आसपास. पटाशीला, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्नीला, पिवळ्यावर थांबायचं. कोयत्याला घाव सोसायचे असतात, तो त्याच्या पुढे जाऊ द्यायचा. हा सगळा खेळ काही सेकंदांचा आणि संपूर्ण लोहाराच्या डोळ्यावर. कारखान्यात हेच काम तापमान मोजून होतं, म्हणून शंभर पटाश्या घेतल्या तर शंभर सारख्या निघतात. लोहाराच्या दहा कोयत्यांत दोन अप्रतिम असतात, सहा चांगले, आणि दोन पहिल्याच गाठीवर धारेला दातरे (खाचा) पडणारे. तुमच्या बाबांच्या हातातला त्या दोन अप्रतिमांतला आहे असं दिसतं. तो कुणालाही देऊ नका.

एक विनंती सगळ्यांनाच. चांगलं पातं ग्राइंडरवर धरू नका. कडेला निळा डाग दिसला म्हणजे तेवढ्या जागेचं पाणी उतरलं, आणि ते नुसतं घासून परत येत नाही. मी वडिलांची एक पटाशी अशी घालवलीय, वय तेव्हा सतरा होतं. ते काही बोलले नाहीत. डागाएवढी कड कानशीने काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि पटाशी तेवढी तोकडी झाली ती झालीच.

माळ्यावरचो कोयतो

मालवणीत लिवतंय, सांभाळून घेवा. माझो आजो पाडेली (माडार चढान नारळ पाडणारो) होतो. तेची आकडी आणि कोयतो अजून आमच्या माळ्यार आसा. कोयतो आता अर्धो उरलो, घासून घासून. मूठ तीनदा बदलली. तेच्या कोयत्याक कंपनीचा नाव नव्हता, पण वाडीत कोणाकय इचारलास तर केलल्या लोहाराचा नाव सांगीत. आता तो लोहार नाय आणि तेची भट्टी पण नाय. बाजारात मिळता तो कोयतो पत्र्याचो, रंग मारलेलो. तेव्हा तुमचे बाबा म्हणतत ता खरा, पण तसो लोहार तुमका आता खय गावतलो, ता आधी बघा.

कातळावरचा

हेच तर. बाबांचा लोहार होता तो वारला. मुलगा गोव्यात गॅरेजमध्ये आहे.

इंजिनखोली

हर्णैला बोटींच्या इंजिनांची कामं करतो. बागेचं मला कळत नाही, पण हत्यारं हेच माझं पोट आहे म्हणून लिहितो.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे सगळी मोठी कामं येतात. वर्षभर खारं पाणी खाल्लेला नट समोर असतो, त्याचे कोपरे आधीच अर्धे गेलेले. स्वस्त रिंग पाना लावला की तो थोडा फाकतो, सरकतो, आणि उरलेले कोपरेही घेऊन जातो. मग छिन्नी, मग गॅस, मग ड्रिल. वाचवलेले शंभर-दीडशे रुपये एका नटात गेले आणि वर अर्धा दिवस गेला. बंदीत अर्धा दिवस जातो तो ठीक, पण सप्टेंबरात बोट धक्क्याला लागून राहिली तर मालकाची डिझेल-बर्फासकट फेरी बुडते. म्हणून मी म्हणतो, हत्यार किती दिवस टिकेल एवढंच मोजू नका. ते समोरच्या वस्तूचं काय करतं ते मोजा. तुमची चेचलेली फांदी आणि माझा गोल झालेला नट एकच आहे.

पण यासाठी जर्मनीला जायची गरज नाही. नाशिकला तयार होणारे टापारियाचे पाने मी वर्षानुवर्षं वापरतोय. गंजलेल्या नटाला बारा कोनी रिंग टाळा आणि सहा कोनी सॉकेट वापरा, ते नटाच्या सपाट बाजूंना पकडतं. हा बदल कुठल्याही महाग ब्रँडपेक्षा जास्त उपयोगाचा आहे. जर्मन पकड माझ्याकडे एकच आहे, क्निपेक्सची, पाइप धरायची. ती अशा ठिकाणी पकडते जिथे माझा दुसरा हात पोचत नाही. बाकी हातोडा, छिन्नी, पहार यांना जास्त पैसे देणं मला पटत नाही. घाव घालायचं हत्यार गावच्या बाजारातलं चालतं, फक्त हातोड्याचा दांडा नीट बसलेला बघून घ्या.

आणि किनाऱ्यावर राहता म्हणून सांगतो. लोखंडावर बसलेलं मीठ हवेतला ओलावा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की आपणहून पाणी ओढतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवा त्याच्या खाली फारशी येतच नाही. म्हणजे कपाटात ठेवलेलं "कोरडं" हत्यारही चार महिने खाऱ्या पाण्यात बुडाल्यासारखंच असतं. नुसतं तेल लावून उपयोग नाही, मीठ तेलाखाली राहून खात बसतं. आधी गोड्या पाण्याने धुवा, पुसा, उन्हात किंवा चुलीजवळ सुकवा, मग तेल लावा.

वायरमन

एकच मुद्दा. विजेच्या कामाची पकड आणि स्क्रू ड्रायव्हर यांत स्वस्त-महाग बघूच नका. मुठीवर 1000 व्होल्ट आणि दुहेरी त्रिकोणाची खूण असलेलंच घ्या. अशा खुणेचं प्रत्येक हत्यार विकण्याआधी 10,000 व्होल्टवर तपासलेलं असतं. नुसत्या रंगीत रबरी मुठीला काही अर्थ नाही. आपल्याकडे जूनमध्ये भिंतीसुद्धा ओल्या असतात.

आगरातली

कातळावरचे दादा, जपानी करवतीबद्दल माझा अनुभव सांगते, मग ठरवा.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. सकाळी उभं असलेलं आगर दुपारनंतर आडवं होतं. सुपारी, नारळ, मधली जायफळं, सगळं एकमेकांवर पडलेलं, विहिरीपर्यंत जायला वाट नव्हती. वीज गेली ती कित्येक दिवस गेली. पेट्रोलवर चालणारी करवत गावात कुणाकडे तरी होती, पण ती आधी रस्ते मोकळे करण्यात अडकलेली. त्यामुळे आम्ही घरचेच हातकरवतीने कापत बसलो.

शेजारच्या काकांच्या मुलाकडे जपानी घडीची करवत होती. खेचताना कापणारी, पात पातळ, लोण्यासारखी चालायची. पहिले दोन दिवस सगळ्यांनी तीच मागितली. तिसऱ्या दिवशी एका खोडात जुना खिळा निघाला. कधी काळी कुंपणाची तार बांधायला मारलेला असणार. करवतीचे पाच-सहा दात गेले. त्या दातांना फार कडक पाणी दिलेलं असतं, ते कानशीला दाद देत नाहीत. नवीन पात मागवावी लागते, आणि त्या दिवसांत फोनला रेंज नव्हती तिथे पात कुठून येणार! आमच्या सासऱ्यांची जुनी करवत जड, दम काढणारी. पण रोज रात्री ते कंदिलाच्या उजेडात तिकोनी कानस घेऊन बसायचे. एक दात डावीकडून, एक उजवीकडून, प्रत्येकाला तीनच घासे. सकाळी ती पुन्हा तयार. वाट त्या करवतीने मोकळी झाली.

म्हणून मी महाग करवतीच्या विरोधात आहे असं नाही. नंतर मी स्वतः तसलीच घेतली, कारण एरवीच्या दिवसांत माझा खांदा वाचतो. पण घेताना सोबत एक जास्तीची पात घेतली आणि सासऱ्यांची करवत भिंतीवरून काढली नाही.

अजून एक, बायकांसाठी. ही हत्यारं बहुतेक मोठ्या पंजाच्या माणसाला धरून केलेली असतात. फेल्को 2 माझ्या हाताला पूर्ण उघडली की बोटं पोचत नाहीत. त्याच कंपनीची 6 नंबरची लहान हाताची आहे. ताई-वहिनी कुणी वाचत असतील तर दुकानात हात लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. दिवसभराच्या कामात मुठीचा अर्धा इंच फार असतो.

भातखाचर

मला या चर्चेत एक खटकतंय. चांगलं म्हणजे महाग, असं धरूनच आपण बोलतोय. कृषी विद्यापीठ भातकापणीला वैभव विळ्याची शिफारस करतं. दातेरी, हलका, किंमत अगदी कमी. त्याला रोज धार लावत बसावं लागत नाही, आणि जमिनीलगत कापता येतं म्हणून धसकटात खोडकिड्याच्या अळ्या कमी राहतात. दापोलीच्या विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळी बघा, आंबा देठासकट जाळीत येतो, चीक फळावर सांडत नाही, डाग पडत नाही. ही दोन्ही हत्यारं आपल्या जमिनीवर, आपल्या पिकासाठी विचार करून केलेली आहेत. परदेशी कात्री सफरचंद-द्राक्षांच्या माणसांनी त्यांच्यासाठी केलीय. पैसे घालायच्या आधी आपल्यासाठी काय झालंय ते बघायला नको का?

पटाशी

भातखाचर, झेल्याबद्दल शंभर टक्के मान्य. पण आंब्याची ओली फांदी आणि द्राक्षाची ओली फांदी कात्रीला सारखीच. फरक आहे तो चिकाचा. आंब्याचा, काजूचा चीक पात्यावर सुकला की धार असूनही कात्री अडते. रोज संध्याकाळी खोबरेल लावलेल्या फडक्याने पातं पुसायचं, चीक निघतो आणि पात्यावर तेलाचा हातही राहतो. खोबरेल सुकून चिकटत नाही, म्हणून पात्याला तेच. जवसाचं तेल सुकून घट्ट होतं, ते लाकडी दांड्याला लावा.

आणि एक हिशेब राहिला. फेल्कोचं पातं, स्प्रिंग, नट, रबर, सगळं सुटं मिळतं. म्हणजे तुमची स्प्रिंग गवतात गेली तर कात्री जात नाही, स्प्रिंगच जाते. साडेतीनशेची कात्री दर वर्षी नवी घ्यायची असेल तर पंधरा-वीस वर्षांत पैसे सारखेच होतात. मधली वर्षं तुमच्या कलमांनी चेचलेले काप सोसायचे, एवढाच फरक. पण सुटे भाग तुम्ही खरंच मागवणार असाल तरच. नसाल तर नका घेऊ, मनापासून सांगतो.

माळ्यावरचो कोयतो

बांडगुळाबद्दल कोणी काय बोलूक नाय. ता नुसता वरसून छाटलास तर परत येता, तेची मुळां फांदीच्या आत गेलेली असतत. गाठीच्या खाली, चांगल्या फांदीत कापूक होया. ती फांदी बहुतेक मनगटाएवढी. थय तुमची कात्री काय करतली? करवत आणि कोयतोच.

पटाशी

बरोबर. आणि मनगटाएवढ्या फांदीला एका घावात वरून कापू नका, वजनाने फाटते आणि साल खोडापर्यंत सोलत नेते. आधी खालून थोडा काप, मग त्याच्या पुढे वरून, फांदी पडली की उरलेला खुंट खोडाच्या फुगीर कडेला लागून, ती कड न दुखवता काढायचा.

कातळावरचा

मंडळी, फार शिकलो. काल रविवारी बाबांबरोबर बसून जुनी कात्री उघडली. पटाशी, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, ती पट्टीवर आदळणारी होती. म्हणजे मी वर्षभर ओल्या फांद्यांना सुक्या फांद्यांची कात्री लावत होतो.

बाबांना वाचून दाखवलं सगळं. वादळाचं ऐकताना ते गप्प होते. मग उठून माळ्यावरून त्यांची करवत काढून आणली, तीन वर्षं मी तिला हात लावला नव्हता. तिकोनी कानस कुठे मिळेल विचारत होते.

ठरलं ते असं: कात्री फेल्कोचीच घेतोय, सोबत जास्तीची स्प्रिंग आणि पातं. हंगामाच्या सुरुवातीच्या पेट्यांची वाशीच्या बाजारातून पट्टी (विक्रीचा हिशेब) आली होती त्यातले पैसे बाबांनी स्वतः काढून दिले. जपानी करवत यंदा नाही. कोयता बाबांचाच, आणि त्याला ग्राइंडर लागणार नाही, तेवढं वचन घेतलंय त्यांनी. एक शंका राहिली: दगड कुठला घेऊ? नेहमीच्या सहाणेवर कात्रीचं पातं घासलं तर चालेल का?

पटाशी

सहाण नको, ती चंदनाला. एक 400 नंबरचा (जाड दाण्याचा) आणि एक 1000 चा (बारीक दाण्याचा) पाण्याचा दगड घ्या, दोन्ही बाजूंचा एकच मिळतो. 400 ची बाजू फक्त दातरे पडले तर, एरवी 1000 पुरे. कात्रीच्या पात्याची उतरती बाजू तेवढीच घासायची, साधारण 20 ते 25 अंशांत, आहे तोच उतार धरून. सपाट बाजूला फक्त शेवटी एकदा दगड आडवा टेकवून सुटलेला काटा, म्हणजे धारेवर उलटलेली बारीक कड, काढायचा. ती बाजू घासलीत तर आकड्याशी फट पडेल आणि पुन्हा फांदी चेचायला लागेल. पहिल्यांदा करताना पात्याच्या उतारावर काळ्या पेनने रेघ मारा आणि चार घासे मारून बघा. रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली तर कोन बरोबर आहे.

आगरातली

आणि गणपतीत कापांचे फोटो टाका. बाबांचा कोयत्याचा आणि तुमचा कात्रीचा, शेजारी शेजारी.